दोन सारख्या गाड्या, एकच रस्ता आणि दोन लिटरचा फरक

पार्श्वभूमी

चार मोटारसायकली, चार जण, तीन दिवस. नावं आणि ठिकाणं काढून टाकली आहेत. किलोमीटर आणि लिटर वहीत उतरवले होते तसेच ठेवले आहेत. चौघांत मी दुसऱ्या क्रमांकावर होतो आणि पेट्रोलचा हिशोब मांडण्याचं काम माझ्याकडे होतं. पुढे जे चुकलं त्यातला मोठा वाटा माझा, हे आधीच सांगून टाकतो.

गटातल्या दोन गाड्या जुळ्या म्हणाव्या अशा होत्या. एकच मॉडेल, एकच वर्ष, साधारण ३५० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, फ्युएल इंजेक्शन, १३ लिटरची टाकी. दोन्हींची सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या आठवड्यात झालेली. यातली एक सगळ्यांत पुढे होती आणि दुसरी सगळ्यांत मागे, म्हणून त्यांच्या चालकांना इथे ‘पुढचा’ आणि ‘मागचा’ एवढंच म्हणतो. पुढच्याला वाट ठाऊक होती. मागचा गटात नवा, स्वभावाने शांत, ‘तुम्ही व्हा पुढे, मी येतो’ म्हणणारा. शेवटी कुणीतरी लागतंच, म्हणून तो शेवटी. दोघांच्या वजनात फारसा फरक नव्हता. फरक होता सामानात. मागच्याने गाडीच्या दोन्ही बाजूंना टणक पेट्या लावल्या होत्या. पुढच्याने सीटवर एक पिशवी आडवी बांधली होती, तेवढंच.

दुसऱ्या दिवसाचा टप्पा ३७५ किलोमीटरचा होता. निघताना पंप, २०५ किलोमीटरवर एक पंप, त्यानंतर थेट मुक्कामी. माझी आणि तिसऱ्याची गाडी १७ लिटर टाकीची, त्यामुळे आमची काळजीच नव्हती. जुळ्या गाड्यांसाठी मी केलेला हिशोब असा: दोघंही सांगत होते की गाडी ३५ चं ऍव्हरेज देते. तेरा गुणिले पस्तीस म्हणजे ४५५. त्यातून ३७५ गेले तरी ८० किलोमीटर हातात. मधला पंप मी ‘वाटलं तर थांबू’ या खात्यात टाकला.

तो ३५ चा आकडा खोटा नव्हता. दोघांनीही टाकी फुल करून, पुन्हा फुल करून तो काढलेला होता. पण काढला होता रोजच्या जाण्यायेण्यात, चाळीस ते साठच्या वेगात, बिनसामानाचा. आम्ही तो उचलून पंच्याऐंशीच्या वेगाला आणि पेट्यांना चिकटवला. शिवाय टाकी १३ लिटरची आहे म्हणजे १३ लिटर वापरता येतात असं नाही. तळाशी टाकीतल्या पंपाला ओढता न येणारं थोडं पेट्रोल उरतंच. या गाड्यांत ते साधारण अर्धा लिटर होतं. म्हणजे हिशोबात घ्यायला हवे होते साडेबारा लिटर.

अडचण कशी उभी राहिली

सकाळी निघालो. रस्ता दोन पदरी, अधूनमधून वस्ती, मधे मधे ट्रक. पुढचा पंच्याऐंशी ते नव्वदवर गाडी धरून होता, आणि धरून म्हणजे खरंच धरून. त्याचा हात थ्रॉटलवर जवळजवळ हलत नाही. आरशात मागचा दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. तो दिसतोय एवढ्यावर आमचं समाधान.

२०५ किलोमीटरवरच्या पंपापाशी पाणी प्यायला वीस मिनिटं थांबलो. पंपावर रांग होती. मी दोघांना विचारलं, काटा कुठे आहे? पुढचा म्हणाला, अर्ध्याच्या थोडा वर. मागचा म्हणाला, अर्ध्यावर. गाड्या साइड स्टँडवर तिरक्या उभ्या होत्या. दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखीच वाटली आणि अंधाराआधी पोचायचं होतं, म्हणून रांग सोडून निघालो.

२७५ किलोमीटरला मागच्याच्या गाडीचा पेट्रोलचा दिवा लागला. माहितीपुस्तिकेप्रमाणे तेव्हा टाकीत सुमारे ३ लिटर असतात, म्हणजे कामाचे अडीच. मुक्काम अजून १०० किलोमीटर पुढे, मधला पंप ७० किलोमीटर मागे. हेल्मेटमध्ये बोलायची सोय आमच्याकडे नव्हती आणि आम्ही त्याच्या नजरेच्या टप्प्यात नव्हतो. मग त्याने जे केलं ते बहुतेक कुणीही केलं असतं. आम्हाला गाठून सांगावं म्हणून त्याने गाडीचा कान पिळला.

आम्हाला गाठेपर्यंत ३२ किलोमीटर गेले. एकशे दहाच्या वर, काही ठिकाणी एकशे वीसला टेकून. ३०७ किलोमीटरवर त्याने हेडलाइटचे इशारे केले आणि आम्ही कडेला घेतलं. तेव्हा पुढच्याच्या गाडीचा दिवा अजून लागलेलाच नव्हता.

पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: ‘तुझ्या गाडीत काहीतरी बिघाड आहे.’

बिघाड नव्हता, तर मग काय होतं

तिथेच उभं राहून जे तपासता येतं ते तपासलं. मागचं चाक हाताने मोकळं फिरत होतं, म्हणजे ब्रेक घासत नव्हता. चेन ओली, ताण ठीक. पेट्रोलचा वास नाही, गळती नाही. मागच्या टायरमध्ये हवा थोडी कमी वाटली. मुक्कामी मोजली तर सामानासकट हवी त्यापेक्षा चार पीएसआय कमी निघाली. तेवढ्याने फरक पडतो, पण लिटरांचा नाही.

मग चढाला दोष देऊन झाला. मुक्काम निघाल्या ठिकाणापेक्षा सुमारे ६०० मीटर उंचावर होता. हा मुद्दा सगळ्यांना पटला, मलाही पटला होता. मुक्कामी आल्यावर आकडेमोड केली. गाडी, माणूस आणि सामान मिळून २८५ किलो धरलं, तर ते ६०० मीटर वर चढवायला लागणारी शक्ती ही सपाटीवर पंच्याऐंशीने सुमारे साडेसहा किलोमीटर जायला लागते तेवढीच. पावणेचारशे किलोमीटरच्या टप्प्यात साडेसहा किलोमीटर. आणि तो चढ पुढच्यालाही चढावा लागला होता.

खरं कारण शोधायला वाऱ्यापासून सुरुवात करावी लागते. साठच्या पुढे मोटारसायकलचं बहुतेक पेट्रोल हवा बाजूला सारण्यात जातं. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, तर रोध चौपट. इंजिनाकडून मागितली जाणारी ताकद तर घनाच्या प्रमाणात वाढते. बसलेला माणूस आणि त्याची गाडी वाऱ्याच्या दृष्टीने फारच बेढब वस्तू आहे. मोटारीसारखा गुळगुळीतपणा तिच्यात नाही. आमच्यासारख्या गाड्यांसाठी ढोबळ आकडे घेतले, तर ऐंशीला गाडी ढकलायला लागणारं बळ सुमारे २३४ न्यूटन आणि एकशे दहाला ३९०च्या आसपास. पेट्रोल तेवढ्याच पटीत वाढत नाही, कारण भार वाढला की इंजिन थोडं जास्त कार्यक्षम चालतं. पण वाढतं, आणि चांगलंच वाढतं.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट यापुढची. मागचा काही आमच्यापेक्षा वेगाने गेला नव्हता. एकत्र निघालो, एकत्र थांबलो, एकत्र निघालो. दोघांचा सरासरी वेग सारखाच. मग वर्गाचा नियम त्यालाच का भोवावा?

कारण सरासरी सारखी असली तरी वर्गांची सरासरी सारखी नसते. पुढचा सरळ ८५ ने चालला. मागचा अर्धा वेळ ६५ ने आणि अर्धा वेळ १०५ ने चालला, असं समजा. दोघांची सरासरी ८५ च. पण १०५ च्या वेळात अंतर जास्त कापलं जातं, आणि त्या अंतरावर रोध दीडपट. जमाखर्च मांडला तर मागच्याला दर किलोमीटरला सुमारे १३ टक्के जास्त शक्ती लागते. सावकाश चाललेल्या काळात वाचलेलं पेट्रोल जोरात चाललेल्या काळात गेलेल्या पेट्रोलची भरपाई करत नाही.

आणि मागचा असा हिसक्या-हिसक्याने का चालला? तो तसा चालवणारा माणूस नाही. तसं त्याला जागेने चालवलं. चौघं रांगेत असताना पुढ्यात ट्रक आला की पुढचा मोकळी जागा बघून निघून जातो. मी त्याच्या मागोमाग. तिसरा कसाबसा. समोरून वाहन येतं आणि चौथा ट्रकमागे पन्नासच्या वेगात अडकतो. एक मिनिट जरी अडकला तरी पंच्याऐंशीने जाणारे आम्ही तेवढ्यात त्याच्यापासून जवळपास ६०० मीटर दूर गेलेलो असतो. ते अंतर तोडायला त्याला १०५ ने पावणेदोन मिनिटांच्या वर, म्हणजे तीनेक किलोमीटर पळावं लागतं. तो येऊन टेकतो न टेकतो तोच पुढची वस्ती. पुढचा चालक तिथला गतिरोधक ओलांडून पुन्हा ८५ ला जातो तेव्हा मागचा त्याच गतिरोधकावर नुकताच पोचत असतो. पुन्हा तेच. रांगेचं पहिलं टोक जितकं स्थिर, तितकं शेवटचं टोक रबरासारखं ताणतं आणि सैल होतं.

त्यात ब्रेक. १०५ वरून ६५ वर ब्रेक दाबून आलं की जी गती तापलेल्या डिस्कमधून उडून जाते, ती पेट्रोल जाळूनच पुन्हा उभी करावी लागते. साठवरून पूर्ण थांबणं म्हणजे साठच्याच स्थिर वेगात अडीचशे मीटर जाता येईल एवढी शक्ती टाकून देणं. शिवाय थ्रॉटल पूर्ण उघडला की इंजेक्शनचा संगणक मिश्रण जाड करतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडतो. पुढच्याचा थ्रॉटल दिवसभरात मोजक्या वेळी पूर्ण उघडला असेल. मागच्याचा किती वेळा, याची मोजदाद नाही.

समोरचे पर्याय

३०७ किलोमीटरवर उभे असताना ही आकडेमोड कुणाच्याच डोक्यात नव्हती. ६८ किलोमीटर उरले होते. दिवा लागल्यापासून ३२ किलोमीटर झाले होते, आणि कसे झाले होते ते वर सांगितलंच आहे. टाकीत कामाचं लिटरभर, फार तर सव्वा लिटर असेल असा अंदाज केला.

मागे फिरणं बाद होतं. मधला पंप १०२ किलोमीटर मागे राहिला होता.

एकाने पुढे मुक्कामी जाऊन पेट्रोल घेऊन यावं, बाकीच्यांनी थांबावं, ही सूचना तिसऱ्याची. येऊन-जाऊन १३६ किलोमीटर, उजेड दोनेक तासांचा. नको वाटलं.

तिथेच पेट्रोल काढून देणं हा सर्वांत सरळ मार्ग होता आणि तो माझ्यामुळे शक्य होता. माझी गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. टाकीखाली कॉक आहे. पाइप काढला, कॉक फिरवला की पेट्रोल बाटलीत पडतं. इंजेक्शनच्या गाड्यांत ही सोय नसते. तिथे पंप टाकीच्या आत असतो आणि वरून नळी घालून ओढायचं म्हटलं तर तोंडाने ओढण्याची वेळ येते. ते कधीही करू नये. पेट्रोल ठसक्याबरोबर फुप्फुसात गेलं तर प्रकरण रुग्णालयात जातं. माझ्या टाकीत तेव्हा सहा लिटरांच्या वर पेट्रोल होतं.

चौथा पर्याय: आहे त्यात सावकाश जायचं. साठच्या खाली, चढउताराला हात हलका ठेवून. साठला मागणी ऐंशीच्या दोन तृतीयांश होते. चाळिसाच्या जवळ ऍव्हरेज मिळालं तर सव्वा लिटरमध्ये पन्नासएक किलोमीटर. पुरणार नाही हे तेव्हाही दिसत होतं. पण ‘दिवा लागल्यावर कंपनी सांगते त्यापेक्षा जास्त पेट्रोल असतं’ हे वाक्य प्रत्येक गटात कुणीतरी म्हणतंच. आमच्यात ते मी म्हणालो.

उतारावर गाडी बंद करून सोडायची, असंही निघालं. ते मात्र मोडून काढलं. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअर टाकलेला असताना थ्रॉटल पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल तोडतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल करून सोडलं तर उलट आयडलचं पेट्रोल जळतं. आणि गाडी बंद करून वळणाच्या उतारावर सोडणं म्हणजे इंजिनाचा आधार आणि दिवे दोन्ही गमावणं.

काय केलं

पेट्रोल काढायला पंधरा-वीस मिनिटं लागली असती. इंजिन निवू द्यायचं, गाडी बाजूला घ्यायची, बाटली शोधायची. त्यापेक्षा चालत राहू, गाडी बंद पडली तर तिथे काढू, असं ठरवलं. एक गोष्ट बरी केली: मागच्याला पुढे घेतलं आणि पुढचा त्याच्या मागे गेला. आता वेग मागचा ठरवणार होता.

त्याने उत्तम चालवली. पंचावन्न ते साठ, वरचा गिअर, चढावर वेग थोडा पडू द्यायचा, ट्रक दिसला की ब्रेकला हात न लावता लांबूनच थ्रॉटल सोडायचा. ४६ किलोमीटर असे गेले.

३५३ किलोमीटरला एका चढाच्या वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. हालवली, डावीकडे उजवीकडे झुकवली, पुन्हा सुरू झाली. टाकीच्या मधून चौकटीची नळी जाते, त्यामुळे तळ दोन कप्प्यांसारखा असतो; पंप नसलेल्या बाजूला साचलेलं पेट्रोल झुकवल्यावर इकडे येतं. त्यावर तीनशे मीटर गेली आणि मग कायमची थांबली. थांबली ती अशा जागी की एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कडेला पाऊलभर जागा. दोघांनी ढकलत ती वळणापलीकडे आणली. तिसरा मागे जाऊन वाहनांना हात दाखवत उभा राहिला. त्या दहा मिनिटांचा विचार केला की अजूनही अंगावर येतं.

पुढचं सरळ होतं. इंजिन निवू दिलं, माझ्या कॉकमधून एक लिटर काढलं. पाण्याची प्लास्टिकची बाटली वापरली, ते योग्य नव्हतं. धातूची पेट्रोलची बाटली सोबत हवी होती. उरलेले बावीस किलोमीटर सहज झाले.

निकाल

मुक्कामी दोन्ही गाड्या सरळ उभ्या धरून, एकाच माणसाने, एकाच रेषेपर्यंत भरल्या. साइड स्टँडवर भरली तर टाकीत कमी मावतं आणि सगळा हिशोब बिघडतो, म्हणून एवढा सोपस्कार.

पुढच्याच्या गाडीत ११ लिटर गेलं. मागच्याच्या गाडीत १२.२ गेलं, आणि माझ्याकडून घेतलेला एक लिटर धरून १३.२. तीच गाडी, तोच रस्ता, तोच दिवस, तीच ३७५ किलोमीटर. ऍव्हरेज एकाचं ३४, दुसऱ्याचं २८.४. पेट्रोल बरोबर वीस टक्के जास्त. त्यातही शेवटचे ६८ किलोमीटर मागच्याने अतिशय जपून चालवली होती, नाहीतर फरक आणखी दिसला असता.

तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परतायचं होतं. मधल्या पंपावर टाकी भरायची हे आता वादातीत होतं. त्याशिवाय वेग ऐंशीच्या वर न्यायचा नाही असं ठरलं आणि क्रम उलटा केला: पेट्यांची गाडी सर्वांत पुढे, काल पुढे असलेला सर्वांत मागे. अंतर पडलं तर मागच्याने धावायचं नाही, पुढच्याने हळू व्हायचं, हाही नियम केला.

पेट्यांच्या गाडीने परतीत ३५ दिलं. साडेबारा लिटरवर आदल्या दिवशीच्या हिशोबाने ३५५ किलोमीटर जाणारी गाडी आता ४३७ जाऊ शकत होती. परतीला ६०० मीटरचा उतार होता, पण त्याची किंमत वर सांगितलीच आहे.

जास्त बोलका आकडा दुसऱ्या गाडीचा आहे. काल ३४ देणाऱ्या, पेट्या नसलेल्या, आता ऐंशीवर आलेल्या गाडीने सदतीसच्या आसपास द्यायला हवं होतं. तिने दिलं ३४.५. चालक तोच, हात तोच स्थिर. फक्त रांगेतली जागा बदलली होती. अंतराचा नियम असूनही दिवसभरात पंधरावीस वेळा त्याला थ्रॉटल पिळावा लागला, असं तोच उतरल्यावर म्हणाला, जरा चिडून.

निर्णयाच्या जागा

हिशोब मांडतानाची माझी चूक मोठी, पण ती एकट्याने आम्हाला अडकवू शकली नसती. ८० किलोमीटरची सवड फुगीर होती. तरी मधला पंप वाटेत उभा होता.

खरी संधी २०५ किलोमीटरवर हुकली. तिथे मी काट्याचं विचारलं, लिटरचं नाही. काटा फसवा असतो, त्यात गाडी तिरकी उभी. बऱ्याच टाक्या वर रुंद आणि खाली निमुळत्या असतात, त्यामुळे काटा अर्ध्यापर्यंत रमतगमत येतो आणि तिथून खाली घसरतो. त्या क्षणी मागच्याच्या टाकीतून सुमारे साडेसात लिटर गेलं होतं आणि पुढच्याच्या टाकीतून सहा. काटे म्हणत होते, जवळजवळ सारखंच. रांगेत दहा मिनिटं उभं राहून दोन्ही टाक्या भरल्या असत्या, तर पेट्रोल मिळालंच असतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आकडा मिळाला असता. २०५ भागिले साडेसात म्हणजे सत्तावीस. तो ऐकून कुणीही पुढे निघालं नसतं.

२७५ किलोमीटरची जागा मला सगळ्यात जास्त टोचते, कारण तिथे मागचा एकटा होता आणि त्याच्यापुढे उघड दिसणारी निवड चुकीची होती. कामाचं पेट्रोल अडीच लिटर, अंतर शंभर. त्याच क्षणी त्याने साठवर येऊन आम्हाला विसरून टाकलं असतं तर चाळिसाच्या ऍव्हरेजने तो काठावर का होईना पोचला असता. त्याऐवजी ३२ किलोमीटरच्या पाठलागात जवळजवळ १.४ लिटर गेलं. सांगायला पळाला आणि सांगण्यात पेट्रोल संपवलं. पण याचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. मागच्याला काही झालं तर त्याने काय करायचं आणि आम्ही कुठे थांबायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. ते ठरलं नाही की मागचा पळणारच.

आणि ३०७. तिथे जागा रुंद होती, उजेड होता, सहा लिटर पेट्रोल माझ्या टाकीत होतं. आम्ही वीस मिनिटं वाचवली आणि वळणावरच्या भिंतीपाशी ती परत केली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशीच्या मुक्कामी टाक्या भरून ऍव्हरेज काढलं असतं तर त्याच सामानावर, त्याच वेगात, त्याच क्रमातला आकडा दुसऱ्या दिवसासाठी तयार असता. घरचा ३५ विसरता आला असता. आता आम्ही पहिल्या दिवशीची सगळ्यांत वाईट गाडी घेतो, तिच्या आकड्यातून दहा टक्के आणखी कापतो, टाकीतून तळचं अर्धा लिटर वजा करतो आणि मग अंतर ठरवतो. मागच्यासाठी हे २०५ किलोमीटरच्या पंपावर न चुकता थांबायला भाग पाडणारं गणित झालं असतं.

समोरून वारा असेल तर हेही पुरत नाही. ऐंशीने जाताना समोरून वीसचा वारा आला की गाडीला तो शंभरचा लागतो, आणि मागणी चाळीस टक्क्यांहून जास्त वाढते. पाठीमागून तेवढाच वारा आला तर फायदा मात्र तेहतीस टक्क्यांच्या आसपासच. जाताना झालेलं नुकसान येताना भरून निघेल हा हिशोब इथेही जमत नाही. त्या दिवशी वारा नव्हता, हे आमचं नशीब.

अंतराचा नियम कागदावर सोपा आहे आणि पाळायला अवघड. पुढच्याने आपल्या मागच्याला आरशात ठेवायचं, त्याने त्याच्या मागच्याला. कुणी दिसेनासा झाला की थांबायचं नाही, फक्त हळू व्हायचं. ओव्हरटेक झाल्यावर पुढच्याने पंच्याऐंशी न गाठता सत्तरवर राहायचं, चौथा ट्रक ओलांडून येईपर्यंत. त्याला कंटाळा येतो. आमचा पुढचा अजूनही कुरकुरतो.

राहता राहिल्या पेट्या. काही आठवड्यांनी एका लहान प्रवासात त्या दुसऱ्या गाडीला लावून पाहिल्या. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, एकाच स्थिर वेगात. पेट्यांबरोबर लिटरला साधारण एक किलोमीटरचा फरक या गाडीवरून त्या गाडीवर गेला. म्हणजे त्या दिवशीच्या २.२ लिटरपैकी पेट्यांच्या नावावर एक तृतीयांश लिटर. शेवटच्या पाठलागाचे जवळपास अर्धा लिटर. बाकीचं दीड लिटरच्या आसपास सकाळपासून तीन-तीन किलोमीटर करत आमच्यामागे धावण्यात गेलं होतं, आणि आरशात तो दिसला की आम्ही निर्धास्त होत होतो.

मागच्याने हा हिशोब वाचला, फार काही बोलला नाही. पुढच्या प्रवासाचा क्रम त्याने लावला. सर्वांत मागे सर्वांत मोठी टाकी, असं त्याचं म्हणणं. त्या प्रवासात मागे मी होतो.